काचेवरचा वसंत

मुलांनो,

"चित्र काढायला काय काय लागतं?" असं आमच्या चौथीच्या वर्गात विचारलं, की उत्तरांचा नुसता पाऊस पडतो. कागद! पेन्सिल! खोडरबर! रंगपेटी! पाण्याची वाटी! मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडतं, "ब्रश पुसायला फडकं!" (हे फडकं म्हणजे बहुतेक वेळा गणवेशाची बाही असते, हे बाईंना ठाऊक असतं बरं का!) पण अलीकडे या यादीत एक नवं उत्तर यायला लागलंय : "आईचा मोबाइल!"

हे उत्तर आलं, की वर्गात लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, "मोबाइलवरचं चित्र खरं नसतं. ते मोबाइलच काढतो." दुसरा म्हणतो, "वा रे वा! बोट तर माझंच फिरतं ना?" मग पहिल्या तटाचा हुकमी एक्का बाहेर निघतो : "मग तुझे हात रंगले का? दाखव!"

हसू नका. हा भांडणाचा विषय मोठ्या माणसांमध्येही आहे. पडद्यावर काढलेलं चित्र म्हणजे लबाडी का? आणि समजा कुणी वर्षानुवर्षं पेन्सिल, कोळसा, तैलरंग यांचा अभ्यास केला आणि मग तो पडद्याकडे वळला, तर आधीचं सगळं शिकणं वाया गेलं का? या प्रश्नांची उत्तरं नुसती वाद घालून मिळायची नाहीत. म्हणून आज तुम्हाला एका चित्रकाराची गोष्ट सांगते. नाव आहे डेव्हिड हॉकनी.

बाबागाडीवरची रेघ

इंग्लंडच्या उत्तर भागात यॉर्कशायर नावाचा परगणा आहे. तिथलं ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचं गाव. तिथे ९ जुलै १९३७ रोजी डेव्हिडचा जन्म झाला. पाच भावंडांतलं हे चौथं. घरची परिस्थिती बेताचीच. वडील नोकरी सांभाळून जुन्या बाबागाड्या विकत आणत, त्या दुरुस्त करत आणि पुन्हा रंगवून नव्यासारख्या करत. रंगात बुडवलेला ब्रश गाडीवर एका दमात सरळ रेघ ओढत जातो, हे लहानगा डेव्हिड डोळे मोठे करून बघत बसायचा. त्याची पहिली चित्रशाळा ही अशी घरातच होती.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून तो मोठ्या शाळेत गेला. पण तिथे पंचाईत झाली. हुशार मुलांच्या तुकडीला चित्रकलेचा तासच नव्हता! चित्रकला फक्त खालच्या तुकडीला. मग या पठ्ठ्याने काय करावं? मुद्दाम अभ्यासात ढिलाई केली आणि खालच्या तुकडीत जाऊन बसला. (हे वाचून कुणी गणिताचा पेपर कोरा ठेवू नका! आपल्याकडे चित्रकलेचा तास सगळ्याच तुकड्यांना असतो.)

सोळाव्या वर्षी, म्हणजे १९५३ मध्ये, तो ब्रॅडफर्डच्या चित्रकला विद्यालयात दाखल झाला आणि १९५७ पर्यंत तिथे शिकला. तिथलं शिक्षण अगदी जुन्या पद्धतीचं. समोर माणूस बसवायचा आणि त्याच्याकडे बघून रेखाटन करायचं. आज, उद्या, परवा, रोज तेच. खांदा कुठे संपतो, दंड कुठे सुरू होतो, सावली कुठे पडते, हे डोळ्यांनी मोजायचं आणि हाताने उतरवायचं. तुमच्यातले जे एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसले असतील, त्यांनी समोर ठेवलेला माठ आणि त्याखालच्या कापडाच्या चुण्या काढताना किती घाम गाळलाय, ते आठवा. म्हणजे ही रोजची मेहनत काय चीज आहे ते कळेल.

१९५९ मध्ये तो लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये गेला. तिथे पोहोचल्यावर सुरुवातीला त्याने काय काढलं असेल? माणसाचा सांगाडा! एकेक बरगडी, एकेक मणका निरखून त्याने त्याचं बारीक रेखाटन केलं. नव्या कॉलेजात, नव्या मुलांमध्ये आल्यावर आपला हात आणि आपली नजर आधी नीट घासूनपुसून घ्यावी, असं त्याला वाटलं.

दोन क्षणांचं पाणी, दोन आठवड्यांचं काम

पुढे हॉकनी अमेरिकेत कॅलिफोर्नियाला गेले. (आता ते मोठे चित्रकार झाले, तेव्हा आपणही त्यांना अहो-जाहो करू या.) तिथलं लख्ख ऊन, निळे पोहण्याचे तलाव त्यांना फार आवडले. १९६७ मध्ये त्यांनी एक चित्र काढलं. नाव 'अ बिगर स्प्लॅश'. तलावात कुणीतरी नुकतीच उडी मारलीय. उडी मारणारा दिसत नाही, फक्त उसळलेलं पाणी दिसतं. तुम्ही विहिरीत किंवा नदीत सूर मारला असेल, तर पाणी किती वेळ उसळतं? जेमतेम दोन सेकंद. पण ते दोन सेकंदांचं पाणी रंगवायला हॉकनींना सुमारे दोन आठवडे लागले! बारीक ब्रश घेऊन त्यांनी एकेक शिंतोडा काढला.

या चित्रात आणखी एक गोष्ट होती. ते तैलरंगांत नव्हतं, अॅक्रिलिक रंगांत होतं. आज अॅक्रिलिकच्या बाटल्या कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात, पण तेव्हा हे रंग तसे नवेच होते. तैलरंग वाळायला कित्येक दिवस लागतात, अॅक्रिलिक झटपट वाळतात. म्हणजे बघा, नवीन साधन दिसलं की ते हातात घेऊन बघायचं, ही हॉकनींची जुनीच खोड.

ही खोड पुढे वाढतच गेली. १९८२ मध्ये झटपट छापून निघणारे पोलरॉइड फोटो शेजारी शेजारी लावून त्यांनी चित्रं बनवली. १९८६ मध्ये झेरॉक्स काढायचं यंत्र वापरून चित्रं छापली. १९८९ मध्ये तर कमालच केली! अमेरिकेतल्या आपल्या घरून त्यांनी टेनिसच्या खेळाचं एक चित्र फॅक्सने इंग्लंडला पाठवलं. एका कागदावर मावणारं नव्हे हं, तब्बल १४४ कागदांचं! तिकडे लोकांच्या देखत एकेक कागद यंत्रातून बाहेर आला आणि जोडत जोडत भिंतभर चित्र तयार झालं. (फॅक्स म्हणजे काय, ते आजी-आजोबांना विचारा. त्यांना सांगायला आवडेल.)

हात पुढे, रेघ मागे

मग संगणक त्यांच्या आयुष्यात कधी आला? तुम्हाला वाटतं त्याच्या कितीतरी आधी. 'क्वांटेल पेंटबॉक्स' नावाचं एक यंत्र १९८१ मध्ये निघालं होतं. टीव्हीवरची चित्रं, अक्षरं तयार करायला ते वापरत. यंत्र अवजड आणि किंमत अशी, की फक्त मोठ्या कंपन्यांनीच घ्यावं. बीबीसीने काही चित्रकारांना या यंत्रावर काम करायला बोलावलं, त्यात हॉकनी होते. हा कार्यक्रम १९८७ मध्ये दाखवला गेला. त्याचं नाव फार छान होतं. मराठीत सांगायचं तर 'उजेडाने रंगवताना'.

हे नाव नुसतं शोभेचं नाही, त्यात एक विज्ञान लपलंय. कागदावर तुम्ही लाल आणि हिरवा रंग एकत्र केलात तर काय होतं? मळकट, चिखलासारखा तपकिरी रंग. पण पडद्यावर लाल आणि हिरवा उजेड एकत्र केला, तर चक्क पिवळा दिसतो! पडदा हा लाल, हिरव्या आणि निळ्या उजेडाच्या लाखो बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो. तिन्ही पूर्ण पेटले की पांढरा, तिन्ही विझले की काळा, आणि कमी-जास्त पेटले की बाकीचे सगळे रंग. कागदावरचा रंग बाहेरून पडणारा उजेड परत पाठवतो, पडद्यावरचा रंग स्वतःच उजेड देतो. म्हणून ज्याने आयुष्यभर कागदावर रंग मिसळले, त्यालाही इथे पुन्हा पहिलीच्या वर्गात बसावं लागतं.

पुढे त्यांनी घरच्या संगणकावरही चित्रं काढून पाहिली, पण एक अडचण आली. तेव्हाचे संगणक फार मंद होते. हात पुढे जायचा आणि पडद्यावरची रेघ मागून रखडत यायची. सराईत चित्रकाराचा हात एका वेगाने चालतो. रेघ मागे राहिली, की हाताचा ताल चुकतो. तबला वाजवणाऱ्याला थाप मारल्यावर आवाज जरा वेळाने ऐकू आला तर तो वाजवेल कसा? तसंच हे. हॉकनींनी ते बाजूला ठेवलं.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं, मुलांनो. नवीन आहे म्हणून डोक्यावर घेतलं नाही, आणि यंत्राचं आहे म्हणून नाकही मुरडलं नाही. करून पाहिलं, जमेना म्हणून ठेवून दिलं, आणि वीसेक वर्षांनी यंत्र सुधारल्यावर पुन्हा करून पाहिलं!

पन्नास तुकड्यांचं झाड

दरम्यान हॉकनी कॅलिफोर्निया सोडून आपल्या यॉर्कशायरला येऊन राहिले होते. ब्रिडलिंग्टन नावाच्या समुद्राकाठच्या गावी. आसपासचे रस्ते, शेतं, झाडं ते तैलरंगांत रंगवत होते, तेही उघड्यावर, झाडासमोर उभं राहून. २००७ मध्ये त्यांनी झाडांचं एक प्रचंड चित्र काढलं. ५० कॅनव्हास जोडून केलेलं, सुमारे १२ मीटर लांब. एवढं मोठं चित्र रंगवताना पूर्ण दिसणार कसं? रानात तर ते उभंही करता येत नव्हतं. मग रंगवून झालेल्या तुकड्यांचे फोटो काढायचे आणि संगणकावर जोडून बघायचे, की आता पुढचा तुकडा कसा हवा. म्हणजे रंग तैलरंगच, ब्रश ब्रशच, पण संगणकाने शिडीचं काम केलं. उंचावर चढून सगळं चित्र एकदम बघायची शिडी!

संगणक आता वेगवान झाला होता. रेघ हाताबरोबर धावायला लागली होती. आणि मग आला आयफोन.

अंधारातला सूर्योदय

हॉकनींनी वयाची सत्तरी ओलांडली होती. त्यांनी फोनवर 'ब्रशेस' नावाचं चित्र काढायचं अॅप घेतलं आणि अंगठ्याने चित्रं काढायला सुरुवात केली. हो, अंगठ्याने! ब्रिडलिंग्टनच्या घरात त्यांच्या पलंगाजवळच्या खिडकीतून सूर्योदय दिसायचा. उन्हाळ्यात तिथे फार लवकर उजाडतं. आता विचार करा. पहाटेच्या अंधारात क्षितिजावर तांबडं फुटतंय आणि तुम्हाला ते रंगवायचंय. रंगपेटी शोधायला दिवा लावला, तर खोलीत लख्ख उजेड होणार आणि बाहेरचा तो नाजूक उजेड डोळ्यांना दिसेनासा होणार. पण फोन स्वतःच उजळतो! दिवा लावायला नको, पाणी आणायला नको, रंग कालवायला नकोत. उशाजवळचा फोन उचलला, की चित्र सुरू. चित्र झालं, की ते मित्रांना पाठवून द्यायचं. मित्र उठायच्या आत त्यांच्या फोनवर ताजी फुलं किंवा ताजा सूर्योदय येऊन पडलेला असायचा.

२०१० मध्ये आयपॅड आला. मोठी काच मिळाली. अंगठ्याऐवजी सगळी बोटं आणि मग बोरूसारखी एक टोकदार कांडी हातात आली. हॉकनींच्या कोटाला चित्रवही ठेवायला मोठा खिसा असायचाच. आयपॅड त्यातच जाऊन बसला. त्याच वर्षी पॅरिसमध्ये त्यांच्या फोनवरच्या आणि आयपॅडवरच्या चित्रांचं प्रदर्शनही भरलं.

या काचेने त्यांना एक गंमत दाखवली, जी कागद कधीच दाखवू शकला नसता. त्या अॅपमध्ये काढलेलं चित्र पहिल्या रेघेपासून पुन्हा चालवून बघता येतं. आपण पहिली रेघ कुठे ओढली, कुठे अडलो, कुठे रंग बदलला, सगळं पुन्हा डोळ्यांसमोर! पन्नासहून अधिक वर्षं चित्रं काढणाऱ्या माणसाने असं स्वतःला चित्र काढताना पहिल्यांदाच पाहिलं. एरवी चित्र काढताना आपले डोळे चित्रात गुंतलेले असतात, स्वतःकडे कोण बघतो?

मग २०११ च्या सुरुवातीपासून त्यांनी वोल्डगेट नावाच्या एका साध्या रस्त्यावर मुक्कामच ठोकला. हिवाळ्यातली नागडी झाडं, चिखल, बर्फ, मग पहिला कोंब, मग पाचूसारखी पालवी, मग फुलं. वसंत कसा पावलापावलाने येतो, ते त्यांनी आयपॅडवर टिपलं. त्यातली ५१ चित्रं आणि ३२ कॅनव्हासांचं एक भव्य तैलचित्र मिळून एकच मोठी कलाकृती झाली. २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल अॅकॅडमीत ती लागली. आयपॅडवर काढलेली चित्रं जवळजवळ दीड मीटर उंच छापली होती, आणि एकाच दालनात तैलरंग आणि 'काचेचे रंग' शेजारी शेजारी उभे होते. भांडत नव्हते!

तर मग फोननेच काढलं का?

आता आपल्या वादाकडे वळू या. आयपॅड हॉकनींकडे होता, तसाच तो जगात लाखो लोकांकडे होता. अॅपही तेच. मग सगळ्यांनीच वोल्डगेटचा वसंत का नाही काढला?

कारण तो वसंत आयपॅडमध्ये नव्हताच. तो होता ब्रॅडफर्डच्या वर्गात घटवलेल्या नजरेत. सांगाड्याच्या बरगड्या मोजणाऱ्या हातात. दोन सेकंदांच्या पाण्याला दोन आठवडे देणाऱ्या चिकाटीत. पावसानंतरच्या डबक्यात आभाळ कसं पडतं, ओल्या रस्त्याचा जांभळा रंग कोरड्या रस्त्याहून वेगळा कसा, हे फोनला ठाऊक नसतं. ते बघावं लागतं. यंत्राने वेळ वाचवला तो रंग वाळण्याचा. बघण्याचा वेळ कुणालाच वाचवता आला नाही.

तुमच्यातला एखादा चौकस विचारेल, "बाई, हल्ली नुसतं एक वाक्य टाइप केलं, की यंत्र अख्खं चित्र तयार करून देतं. ते काय मग?" छान प्रश्न. ती गोष्ट वेगळी, ही वेगळी. पडद्यावर चित्र रंगवणं म्हणजे प्रत्येक रेघ तुमच्या हाताची, प्रत्येक रंग तुम्ही निवडलेला. फक्त कागदाच्या जागी काच. वाक्य टाइप करून मिळालेलं चित्र म्हणजे तुम्ही फर्माईश केलीत आणि पदार्थ दुसऱ्याने केला. खायला मजा येईल कदाचित, पण "मी स्वयंपाक केला" असं म्हणता येणार नाही. आणि स्वयंपाक शिकाल तर मुळीच नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. काचेवर काही गोष्टी मिळत नाहीत. तैलरंगाचे जाड थर बोटाला लागतात, जलरंग ओल्या कागदावर आपल्या मनाने पसरतो आणि कधी कधी आपल्यापेक्षा छान चित्र काढून जातो, कोळसा कागदावर खरखरतो. काच मात्र सगळीकडे सारखीच गुळगुळीत. शिवाय काचेवर 'मागे जा'चं बटण असतं. चुकलं, दाबलं, पुसलं! सोय मोठी, पण सवय लागली तर हात कधी धीट होत नाही.

हे हॉकनींनाही पुरतं ठाऊक असावं. कारण पुढे काय झालं बघा. २०१२ च्या अखेरीस त्यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला. बोलणं थोडं अडखळायला लागलं, पण हात शाबूत होता. २०१३ मध्ये पुन्हा वसंत आला. या वेळी त्यांनी काय उचललं? ना आयपॅड, ना रंग. त्यांनी उचलला कोळसा! रंगीबेरंगी वसंताची २५ चित्रं त्यांनी नुसत्या काळ्या-पांढऱ्यात काढली. माणसाने सर्वांत आधी हातात घेतलेल्या साधनांपैकी एक म्हणजे कोळसा. ज्याच्या खिशात आयपॅड होता, तो कोळशाकडे परत आला आणि पुढे पुन्हा आयपॅडकडेही गेला. साधन त्यांनी निवडलं. साधनाने त्यांना निवडलं नाही.

काचेतून काच

एक आणखी गोष्ट ऐका. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबी या प्राचीन चर्चमध्ये राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीच्या सन्मानार्थ एक रंगीत काचेची खिडकी बसवायची होती. हे काम हॉकनींकडे आलं. आयपॅड मागून उजळतो, आणि खिडकीही मागून, उन्हाने, उजळते! म्हणून त्यांनी खिडकीचा आराखडा आयपॅडवरच केला : यॉर्कशायरमधली फुलांनी डवरलेली हॉथॉर्नची झुडपं. मग कसबी कारागिरांनी हाताने काच कापली, जोडली आणि २०१८ मध्ये खिडकी खुली झाली. नवं साधन, शेकडो वर्षांची कारागिरी, आणि दोघांच्या मध्ये एक म्हातारा चित्रकार.

२०१९ मध्ये ते फ्रान्समधल्या नॉर्मंडी भागात राहायला गेले. २०२० मध्ये करोनाची साथ आली. तुमच्यातल्या लहानांना ते आठवणार नाही, पण शाळा बंद, रस्ते ओस, सगळे घरात. हॉकनी ८२ वर्षांचे होते. ते रोज बागेत जायचे आणि येणारा वसंत आयपॅडवर काढायचे. हिरवळीत उमललेल्या पिवळ्या डॅफोडिलच्या फुलांचं एक चित्र त्यांनी जगासाठी पाठवलं. त्याच्या नावाचा अर्थ असा : लक्षात ठेवा, वसंत काही कुणाला रद्द करता येत नाही. त्या काळात कितीतरी घाबरलेल्या माणसांना त्या चार फुलांनी धीर दिला असेल.

त्या बागेची ११६ चित्रं २०२१ मध्ये लंडनला मांडली गेली. शिवाय वर्षभराची अशी चित्रं सलग जोडून त्यांनी सुमारे ९० मीटर लांबीचा एक पट केला. कबड्डीची सात मैदानं लांबीला लांबी लावून ठेवा, साधारण तेवढा! जवळच्याच बायो गावचा नऊशे वर्षांहून जुना, सुमारे ७० मीटर लांबीचा एक भरतकामाचा पट आहे. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या ड्यूकने इंग्लंड कसं जिंकलं, त्याची गोष्ट त्यावर सुईदोऱ्याने सांगितलेली आहे. हॉकनींना कल्पना सुचली ती त्यावरून. बघा, आयपॅडचा गुरू कोण निघाला? सुई-दोरा!

आई-बाबांशी दोन शब्द

पालकहो, मूल मोबाइल घेऊन बसलं की आपला जीव वर-खाली होतो, आणि तो होणं रास्तच आहे. पण बघत बसणं आणि काढत बसणं यात फरक आहे. मूल पडद्यावर चित्र काढत असेल, तर "काय बनवतोयस?" असं विचारून शेजारी दोन मिनिटं बसावं. वेळेची मर्यादा जरूर घालावी. आणि एक सांगते. पडद्याआधी कागद द्यावा. मुलाच्या बोटांना दाब, ओल, खरखर यांची ओळख व्हायला हवी. तैलरंगाचा ब्रश पेललेला हात काचेवर सहज उतरला, उलट दिशेचा प्रवास जास्त अवघड आहे. महागडा टॅब हवाच असंही नाही. शाळेच्या संगणकावरचं साधं 'पेंट' पुष्कळ आहे. अमेरिकेत हॅल लास्को नावाचे गृहस्थ होते. जन्म १९१५ चा. उमेदीच्या वयात हाताने अक्षरं आणि चित्रं रेखाटण्याचं काम करत. म्हातारपणी नजर अधू झाली, कागदावरचं बारीक दिसेना. घरच्यांनी त्यांना संगणकावरचं हेच 'पेंट' दाखवलं. त्यात चित्र हवं तेवढं मोठं करता येतं, म्हणून ते एकेक ठिपका भरून चित्र काढू लागले, आणि २०१४ मध्ये जाण्यापूर्वी त्यांची ती चित्रं जगभर पोहोचली. ज्याला कागदाने दार बंद केलं, त्याला काचेने खिडकी उघडली.

या आठवड्याचा उद्योग

एक : संगणकाचा पांढरा पडदा भिंगातून अगदी जवळून पाहा. (मोठ्यांना विचारून, आणि जास्त वेळ नको.) लाल, हिरवे, निळे ठिपके दिसतात का? पांढऱ्या पडद्यात पांढरा ठिपका एकही सापडत नाही, ही गंमत घरच्यांनाही दाखवा.

दोन : घराजवळचं एक झाड निवडा. कडुनिंब, आंबा, गुलमोहर, काहीही चालेल. ते झाड सलग पाच दिवस, रोज वेगळ्या वेळी काढा : सकाळी, भर दुपारी, संध्याकाळी. नुसत्या पेन्सिलने. रोज फक्त पंधरा मिनिटं. पाचव्या दिवशी पहिलं चित्र शेजारी ठेवा आणि झाड बदललं की तुमची नजर, ते ठरवा.

तीन : ज्यांना संगणक किंवा टॅब मिळण्यासारखा असेल, त्यांनी तेच झाड सहाव्या दिवशी पडद्यावर काढा. अट एकच. 'मागे जा'चं बटण दाबायचं नाही! रेघ वाकडी गेली, तर तिची फांदी करा.

ज्यांना पडदा मिळणार नाही, त्यांनी मुळीच हिरमुसू नका. सहाव्या दिवशी चुलीतला किंवा इस्त्रीवाल्याकडचा थंड कोळशाचा तुकडा घ्या आणि जुन्या वर्तमानपत्रावर तेच झाड मोठ्ठं काढा. जगप्रसिद्ध चित्रकाराने आयपॅड खिशात असताना हेच केलं होतं. आणि हो, या खेपेला हात नक्की रंगतील. पुसायला फडकं घ्या, बाही नको!

तुमच्या बाई